पोटातली पांढरी रेघ

आमच्या घरात नवराबायकोची भांडणं सासर-माहेरावरून होत नाहीत. ती होतात फोटोंवरून. म्हणजे लोकांच्या पोटांच्या, छात्यांच्या आणि डोक्यांच्या फोटोंवरून. मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि नवरा सर्जन. नालासोपाऱ्यात पश्चिमेला एक मध्यमसं हॉस्पिटल आहे. तिथे तळमजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत मी सीटी स्कॅन वाचत बसते आणि तो वरच्या मजल्यावर माणसं कापतो. 'कापतो' हा शब्द त्याला अजिबात आवडत नाही, म्हणून मी तोच वापरते. तो मला ज्योतिषीणबाई म्हणतो. सावल्या बघून भविष्य सांगणारी.

हे फक्त आमचंच आहे असं कुणी समजू नये. छातीचा एक्सरे आपल्याइतका कुणालाच कळत नाही असं प्रत्येक फिजिशियनला वाटतं. हाडांचे डॉक्टर फिल्म खिडकीच्या उजेडात धरतात, मान डोलावतात आणि माझा रिपोर्ट पाकिटातच राहू देतात. सर्जन लोकांचं म्हणणं, आम्ही पोटात हात घालून बघितलेलं असतं, तुम्ही काय बघितलंय? आणि आमचं म्हणणं, आधी आमचं ऐकलं असतंत तर हात घालावा लागला असता का? आमच्या रिपोर्टच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं, 'लक्षणांशी ताडून पाहावे'. म्हणजे चुकलो तर अंगाशी यायला नको. यावरून नवरा माझी इतकी टर उडवायचा की विचारू नका. आमटीत मीठ बरोबर आहे का असं मी विचारलं की म्हणायचा, असू शकतं, लक्षणांशी ताडून पाहावे.

तातडीचा पेशंट आला की तो रिपोर्टची वाट न बघता थेट खाली यायचा. माझ्या खुर्चीमागे उभा राहायचा आणि स्क्रीनवर इतका वाकायचा की त्याची हनुवटी माझ्या खांद्याला लागायची. मी तोंड उघडायच्या आत निदान ठोकून मोकळा. मीही काही कमी नाही, माझा राग नाकावरच असतो. तंत्रज्ञ, नर्सा, सगळे कान टवकारून ऐकायचे. जो चुकेल त्याने घरी गेल्यावर चहा करायचा, असा आमचा नियम. खरं सांगते, चहा दोघांच्याही वाट्याला सारखाच यायचा.

सासूबाई या सगळ्याला 'तुमची कोंबड्यांची झुंज' म्हणायच्या. त्या मूळच्या वटारच्या. खाडीकाठची शेती, मागे वाडी, वाडीत केळी आणि नारळ. सासरे गेल्यावर आम्ही त्यांना फ्लॅटवर आणलं, पण मन काही आलं नाही. आठवड्यातून एकदा तरी रिक्षा करून वटारला जायच्याच. मासे हा त्यांचा जीव की प्राण. खाडीतली बोय असो नाहीतर शिंगाळा, तुकडा एका बाजूने तोंडात घालायच्या आणि दुसऱ्या बाजूने काटा बाहेर काढायच्या, बोलणं न थांबवता. मी सांगलीची. मला माशातलं ओ की ठो कळत नाही. लग्नानंतर पहिल्याच जेवणात माझ्या घशात काटा अडकला तेव्हा त्यांनी केळं सोलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "चावू नको, गिळ. काट्याला घेऊन जातंय बघ." त्यांच्याकडे सगळे हेच करतात. मी डॉक्टर असूनही मुकाट्याने गिळलं.

पण श्रावण लागला की सासूबाई सगळ्या घराची रीत बदलायच्या. महिनाभर मासा नाही, मटण नाही, अंडं नाही. आमची मुलगी ऑम्लेट मागायची तर तिने ते बाल्कनीत बसून खायचं. सोमवारी उपास, आणि वटारच्या देवळात जाऊन यायचं, हे ठरलेलं. "माझ्या आईने उभ्या जन्मात श्रावणात मासा शिवला नाही," हे नवऱ्याचं आवडतं वाक्य. सांगलीच्या सुनेसमोर ते तो जरा जास्तच जोरात म्हणायचा.

गेल्या श्रावणात एका सोमवारी त्या वटारहून परतल्या आणि आल्या आल्या सोफ्यावर बसून केळी गिळायला लागल्या. एक झालं, दुसरं झालं, तिसरंही. मी मनात म्हटलं, उपासाची भूक. बुधवारपासून पोट धरून बसल्या. विचारलं तर "वारा धरलाय" एवढंच. गुरुवारी सकाळी अंग तापलेलं, ओठ सुकलेले. नवऱ्याने बेंबीच्या उजव्या बाजूला दाबलं तर त्यांनी त्याचा हात झटकला. बाळंतपणातसुद्धा ओरडले नाही असं सांगणारी ही बाई.

आम्ही त्यांना हॉस्पिटलात आणलं. रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी वाढलेल्या. किडनी थोडी कमजोर, त्यामुळे शिरेतून औषध देऊन करतात तो नीट स्कॅन करता येईना. साधाच करायचा ठरला. साध्या स्कॅनमध्ये सगळं करड्यावर करडं दिसतं, त्यात बघायचं म्हणजे धुक्यात माणूस ओळखायचा. मी माझ्या खुर्चीत बसले.

आपल्या माणसाचं पोट बघू नये असं म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. एरवी मला आतडी दिसतात. त्या दिवशी मला सासूबाई दिसत होत्या. मी एकेक चित्र पुढे सरकवत गेले. अपेंडिक्स ठीक, पित्ताशय ठीक. मग लहान आतड्याच्या एका वळणापाशी आजूबाजूची चरबी गढूळ झालेली दिसली आणि त्या गढूळपणात एक बारीक, तिरपी, पांढरी रेघ. शेजारी हवेचा एक ठिपका, जिथे हवा असायला नको तिथे. मी मागे गेले, पुढे गेले, मोठं करून पाहिलं. रेघ होती तिथेच होती. आतड्यातून आरपार.

"आतड्याला सूज आहे," मागून नवरा म्हणाला. तो दाराशीच उभा होता. "अँटिबायोटिक देऊ. दोन दिवस बघू."

"ही रेघ बघ."

"रक्तवाहिनीतलं कॅल्शियम आहे. वय काय आहे तिचं."

"कॅल्शियम आतड्याला भोक पाडून बाहेर येत नाही. हा काटा आहे. माशाचा."

तो हसला. मोठ्याने नाही, पण हसला. "अगं श्रावण चाललाय. आणि सांगलीकरणीला माशाचा काटा कधीपासून कळायला लागला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, मला पानातला काटा कळत नसेल, पोटातला कळतो, तुझं शिक्षण तुझ्यापाशी ठेव. तो म्हणाला, तुम्हा लोकांना प्रत्येक सावलीत भूत दिसतं, हवेच्या ठिपक्यावर मी आईला टेबलवर घेऊ का? गेल्याच वर्षी तिच्या हृदयात स्टेंट घातलाय, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, पोट उघडलं आणि रक्त थांबलंच नाही तर? आणि आत काही सापडलंच नाही तर?

हे खरंच होतं. एवढी वर्षं मी चुकायचे तेव्हा फार तर चहा करावा लागायचा. आता मी 'काटा' म्हटलं आणि तो नसला, तर माझ्या एका शब्दावर एक म्हातारी बाई उगाच कापली जाणार होती आणि कदाचित टेबलवरच जाणार होती. नाही म्हटलं आणि तो असला, तर दोन दिवसांत सगळ्या पोटात पू होऊन ती जाणार होती.

आपल्या आईवर शस्त्रक्रिया करणं त्याच्याच्याने होणार नव्हतं, म्हणून त्याने विरारहून आपल्या जुन्या सरांना बोलावलं. सर आले. पांढरे केस, कमी बोलणारे. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"हा कॅल्शियम म्हणतोय, तुम्ही काटा म्हणताय. दोन्ही असू शकतं," ते म्हणाले. "बाई, तुम्ही लोक शंका लिहिता आणि आम्ही पोट उघडतो. आज शंका नको. आणि ते ताडून पाहावे वगैरे नको. आहे किंवा नाही, एवढं लिहा. तुम्ही आहे म्हणालात तर मी उघडतो."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मोबाइलकडे बघत होता.

मी म्हटलं, मला जरा वेळ द्या, आणि सासूबाईंच्या खोलीत गेले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यांचे डोळे मिटलेले, कपाळावर घाम. मी पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांचा हात धरला.

"आई, खरं सांगा. सोमवारी मासा खाल्लात का?"

डोळे उघडले. त्या अवस्थेतही डोळ्यांत जाळ. "श्रावनात? आनि सोमवारी? तुझं डोकं ठिकानावर हाय ना गं सूनबाय?"

"आई, तुमच्या जिवाचा प्रश्न आहे. मी कुणाला सांगणार नाही."

"नाय खाल्ला. पानी दे."

पाणी देता येत नव्हतं, ओठांना ओला कापूस लावला. इतकं सरळ, इतकं ठाम 'नाही' ऐकून मला रडूच आलं. माझा फोटो म्हणत होता आहे, आणि बाई स्वतः म्हणत होती नाही. पेशंट नाही म्हणतो तेव्हा कुठला रेडिओलॉजिस्ट आहे म्हणून लिहितो? मी तिथेच बसून मनात म्हणत होते, देवा, मला चूक ठरव. आयुष्यात कधी चूक ठरावंसं वाटलं नव्हतं.

उठताना माझा धक्का बाजूच्या छोट्या टेबलाला लागला. त्यावर स्टीलच्या वाटीत त्यांची कवळी ठेवलेली होती. आषाढातच नवऱ्याने हट्टाने बसवून घेतलेली, वरची पूर्ण, टाळू झाकणारी. सुरुवातीला त्या कुरकुरायच्या, "तोंडात ताट घातल्यासारखं वाटतं, गरम कळत नाय, तिखट कळत नाय." मी वाटीकडे बघत राहिले. ज्या टाळूने आणि जिभेने ही बाई जन्मभर काटा ओळखत आली, तो टाळूच आता झाकलेला होता. काटा असता तरी कळला नसता. घशात टोचल्यावर कळला असता. आणि घशात टोचल्यावर त्यांनी काय केलं असतं?

केळी. एक, दुसरं, तिसरं. तेही न चावता.

मी परत त्यांच्याकडे वळून पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी हळूच मान भिंतीकडे फिरवली.

मी विचारलं नाही. खाली आले, रेघ पुन्हा एकदा मोठी करून पाहिली आणि लिहिलं, 'माशाचा काटा. लहान आतड्याला छिद्र.' शेवटचं ते वाक्य लिहिलं नाही. 'छिद्र' दोनदा टाइप करावं लागलं. नवऱ्याने रिपोर्ट वाचला, संमतीचा कागद पुढे ओढला आणि मुलगा म्हणून सही केली.

थिएटरच्या बाहेर आम्ही एकाच बाकावर बसलो होतो. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. मला त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. मला राहून राहून वाटत होतं, काही सापडलं नाही तर हा माणूस मला कधीच माफ करणार नाही, आणि करूही नये. एकदा नर्स रक्ताची पिशवी न्यायला धावत आली, तेव्हा मी डोळेच मिटून घेतले.

सर बाहेर आले ते हातात छोटी बाटली घेऊन. बाटलीत काटा होता, सुईएवढा, एका टोकाला वाकलेला. "बरं झालं आजच उघडलं," ते म्हणाले. "उद्यापर्यंत थांबलो असतो तर सगळं पसरलं असतं. रक्त गेलंय, पण थांबलं."

मी भिंतीला टेकून खाली बसले आणि सगळ्यांदेखत रडले. नवऱ्याने बाटली हातात घेतली, उजेडात धरली आणि म्हणाला, "आखाडातला असेल."

श्रावणाच्या आधीचा काटा महिनाभर पोटात मुक्काम करत नाही, हे सर्जनला मी सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, "असेल."

सासूबाई शुद्धीवर आल्या, वॉर्डात आल्या, पेज पिऊ लागल्या. एका दुपारी नवरा नसताना त्यांनी मला जवळ बोलावलं. वटारची त्यांची लहानपणची एक मैत्रीण आहे, लग्न होऊन अर्नाळ्याला गेलेली कोळीण. देवळातून निघाल्या की त्या तिच्याकडे जायच्या, दर सोमवारी. "ती एकटी, मी एकटी," त्या म्हणाल्या. "तिच्या घरी श्रावनबिवन नसतं. तिने शिंगाळ्याचं कालवन केलंतं. तोंडाला चवच नव्हती गं, त्या कवळीने. म्हटलं एक तुकडा खाऊन बघू, चव येते का." मग दाराकडे बघत, "आली नाय. त्याला सांगू नको."

मी सांगितलं नाही. त्यांना चांगलं ओरडले मात्र, मरता मरता खोटं बोलता काय म्हणून. त्या तोंडावर पदर धरून हसल्या, टाके दुखले म्हणून परत कण्हल्या.

त्या दिवसापासून एक गोष्ट बदलली. नवरा खाली यायचा थांबला. स्कॅन झाला की फोन करून विचारायचा, काय आहे? मी सांगायचे. "तू म्हणशील ते," म्हणून फोन ठेवायचा. पहिले काही दिवस मला गुदगुल्या झाल्या. तंत्रज्ञ म्हणाला, मॅडमनी सरांना पाणी पाजलं. मग हळूहळू मला त्या खोलीत भीती वाटायला लागली. आधी कुणीतरी खांद्यावरून वाकून माझी चूक शोधायला टपलेलं असायचं. आता मी जे म्हणेन त्यावर पोट उघडलं जात होतं, आणि जे म्हणणार नाही ते तसंच राहत होतं. एकदा घरी चहाचा कप तोंडाला लावला आणि एका पेशंटची डावी बाजू आपण नीट पाहिली की नाही तेच आठवेना. तशीच चप्पल घालून हॉस्पिटलात धावले. काही नव्हतं, पण परत येताना रिक्षात मी उजवी बाजू आठवायला लागले.

यंदाच्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं. वटारहून आलेला फणस त्यांनी पोटभर हाणला होता, तेच कारण असणार, पण मी हट्टाने स्कॅन करवला. भर दुपारची वेळ. चित्रं स्वच्छ होती. मी दोनदा पाहिली, तीनदा पाहिली. नवरा बाहेर आईपाशी बसला होता.

मी दार उघडून म्हटलं, "आत ये."

"तू बघितलंस ना? मग झालं."

"नाही झालं. ये इकडे." मी त्याचा हात धरून आत आणला आणि माझ्या खुर्चीत बसवला. "तू बघ. स्वतः बघ आणि भांड माझ्याशी. मला एकटीला हे जमत नाही. मी त्या दिवशी बरोबर निघाले म्हणून काय मी देव झाले? मला भीती वाटते रे."

त्याने माउस हातात घेतला. चित्रं सरकवत त्या जुन्या वळणापाशी आला आणि थांबला. तिथे आता काहीच नव्हतं, शिवणीची थोडी गाठ तेवढी.

"रेघ मला दिसली होती," तो म्हणाला.

"कधी?"

"तेव्हाच. दारातून. तू बोलायच्या आधी." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "दारातून दिसली म्हणून तर मी जवळ आलो नाही. आईला टेबलवर घ्यायला घाबरलो. मला वाटलं तुला दिसणार नाही. तुला दिसली नसती ना, तर मी काहीच बोललो नसतो."

मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी राहिले. कोंबड्यांची झुंज म्हणे. तो दारात होता, त्याला दिसत होतं, आणि तरी त्या खोलीत मी एकटीच होते. मला एका क्षणात सगळं उलटं दिसलं. मी दमले असते तर. मी त्याच्या रागाला भ्यायले असते तर. मी नेहमीसारखं ते शेवटचं वाक्य लिहिलं असतं तर.

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. "किती वेळ गं तुमचा? भूक लागली मला."